हिरवी पट्टी

यंत्राने पहिल्यांदा माझं नाव घेतलं तेव्हा मी भाकरी थापत होते. स्वानंद, माझा मुलगा, ओट्यापाशी येऊन उभा राहिला आणि उगाचच मिठाची बरणी उघडून बंद करायला लागला. शाळेत काही उपद्व्याप करून आला की लहानपणी तो असंच करायचा.

"आई, एक सांगू? रागावू नकोस."

"म्हणजे रागावण्यासारखं आहे. बोल."

"तू त्या खोलीत गेलीस की पिक्सेलला ताण येतो. यंत्र तसं दाखवतंय."

पिक्सेल म्हणजे त्याचा पाळलेला सरडा. पोटच्या पोराने मला सांगावं की तुझ्यामुळे सरड्याला ताण येतो, आणि तेही मी त्याच्याचसाठी भाकरी करत असताना. तव्यावरची भाकरी करपली ती करपलीच.

मी वैजयंता आवटे. बार्शीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये माइकसमोर बसून मी नोकरी संपवली. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुठली उशिरा येणार, कुठली येणारच नाही, हे सगळं गावाने माझ्या तोंडून ऐकलं. आता तिथे यंत्र घोषणा करतं, आणि तेही माझ्याच आवाजात. मला कोणी विचारलं नव्हतं, पण ते असो. मालक गेल्यावर मी काही वर्षं एकटी काढली. मग बार्शीचा उन्हाळा असा तापायला लागला की एप्रिलात दुपारी नळाच्या पाण्याने हात पोळायचा. स्वानंद म्हणाला, बास झालं, चल पुण्याला. मी घराला कुलूप घातलं आणि ताथवड्याला त्याच्या सतराव्या मजल्यावर राहायला आले. खिडक्या न उघडणारं घर मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. हवा इमारतच पुरवायची, गाळून, गार करून.

आणि त्या घरात एक सरडा होता. परदेशी जातीचा, इथेच अंड्यातून निघालेला, रीतसर नोंद केलेला. शॅमेलिऑन म्हणतात. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरायचे आणि चेहरा कायम नाराज असायचा. आमचे डेपो मॅनेजर हुबेहूब असेच बसायचे, म्हणून मी त्याला साहेब म्हणायला लागले. माझ्या सुनेला, ऋजुताला, ते इतकं आवडलं की तीही साहेबच म्हणायची.

साहेबाचं घर म्हणजे छातीएवढं उंच काचेचं कपाट. वर जाळी, खाली पुढच्या बाजूला बोटभर रुंदीची जाळीदार फट. आत जास्वंदीचं झाड, मनी प्लांट आणि आडव्या-तिडव्या काटक्या. हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही, पानावर थेंब चमकला तरच जीभ लावतो. म्हणून रात्री आत धुकं सोडायचं आणि हवा गार ठेवायची. दिवसा वरचा दिवा लावायचा, ऊब द्यायची, पानं सुकू द्यायची.

"दमट चालतं आई, कोंदट चालत नाही," स्वानंदने मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "दमट म्हणजे हवेत पाणी आहे, पण हवा हलतेय. कोंदट म्हणजे तेच पाणी आणि तीच हवा तिथल्या तिथे बसून राहिलीय. त्यात जंतू वाढतात, ते याच्या फुप्फुसात उतरतात, आणि याला आपल्यासारखं खोकून काढताही येत नाही. दिव्याने वरची हवा तापते, जाळीतून वर निघून जाते, आणि तिच्या जागी खालच्या फटीतून ताजी हवा ओढली जाते."

"चुलीवरचं धुराडं," मी म्हटलं.

"अगदी तेच. फट बुजली की धुराडं बंद."

आणि फट रोज बुजायची. वाळकी पानं, शेवाळं, साहेबाने न खाल्लेले रातकिडे, सगळं तिथे येऊन अडकायचं. ते काढायचं, काच पुसायची, तळाचा ट्रे ओतायचा, आणि हे सगळं सकाळी धुकं थांबल्यावर, दिवा लागायच्या आत. हे काम कोणाचं? घरात सगळ्यांत आधी जो उठतो त्याचं. स्वानंद रात्री उशिरापर्यंत काम करायचा. ऋजुताला दिवस गेले होते आणि रातकिड्यांच्या वासाने तिला उलट्या व्हायच्या. राहिलं कोण? मला किळस यायची, पण काम आलं की हात आपोआप चालायला लागतात. महिनाभरात मी साहेबाशी गप्पा मारत फट साफ करायला लागले. "काय साहेब, झाली का झोप? लातूर गाडी आज उशिरा आहे बरं का."

आता त्या यंत्राचं सांगते. स्वानंद ज्या कंपनीत होता तिथेच ते बनत होतं, आणि आमचा साहेब त्याच्या चाचणीसाठी होता. सरड्याला माणसांनी उगाच बदनाम केलंय. तो लपण्यापेक्षा दाखवण्यासाठीच रंग बदलतो. त्याच्या कातडीत अतिशय बारीक स्फटिक असतात, दाटीवाटीने रांगेत बसलेले. निवांत असला की ते जवळ जवळ असतात, त्यांच्यावरून निळा उजेड परत फिरतो, वरच्या पिवळ्या थरातून येताना तो हिरवा दिसतो. खवळला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि तो पिवळा, तांबूस होत जातो. घाबरला, आजारला, गारठला की काळपट. आपल्याला हे उशिरा दिसतं. यंत्राचा डोळा मात्र कातडीतला फरक कितीतरी आधी टिपायचा, आणि त्याप्रमाणे धुकं, पंखा, दिवा कमी-जास्त करायचा. आपल्याला कसं वाटतंय हे सरडा कातडीने सांगणार आणि हवा त्याच्या मनासारखी होणार. मला ते ऐकून कौतुकच वाटलं होतं.

पण नुसतं काय झालं ते सांगणारी यंत्रं बाजारात बरीच होती. स्वानंदच्या लोकांनी त्यात 'का झालं' घातलं. दुसरा एक कॅमेरा अख्खी खोली बघायचा. कोण आलं, काय हललं, कसला आवाज झाला, हे सगळं तो साहेबाच्या कातडीशी ताडून पाहायचा आणि कारण काढायचा. भिंतीवर एक उजेडाची पट्टी होती. बरं असलं की हिरवी, बिघडलं की लाल. लाल झाली की खाली कारण उमटायचं, किती खात्री आहे त्या टक्क्यांसकट.

भाकरी करपली त्या सकाळी तिथे उमटलं होतं, 'वैजयंता, ८१ टक्के.'

माझ्या जिवाला ते लागलं. वरून मी म्हटलं, "मी कुठे साहेबाचं घोडं मारलंय?" आणि हसले. पण आतून एकच विचार, माझ्यात असं काय आहे? मी साबण बदलला, बिनवासाचा आणला. बांगड्या काढून ठेवल्या. लाल-पिवळ्या साड्या नेसायच्या सोडल्या आणि एक राखाडी गाऊन घालून आत जायला लागले. गप्पा बंद केल्या. आरशासमोर उभी राहून तोंड जरा मऊ करून बघितलं, खरंच सांगते. टक्के वाढत गेले. नव्वदच्या पुढे गेल्यावर स्वानंद म्हणाला, "काही दिवस तू आत जाऊच नकोस. बघू या."

"मग फट कोण साफ करणार?"

"मी करीन. आठवड्यातून एकदा पुरे. बाकी यंत्र सांभाळेल."

मी त्याला माझ्या परीने सांगून पाहिलं. "अरे, स्टँडवर गाडी उशिरा आली की लोक मला शिव्या घालायचे. का, तर उशिराची घोषणा मी करायचे. गाडी काय मी अडवून ठेवली होती? सकाळी तो गारठलेला असतो, ओला असतो, आणि नेमकी तेव्हा मी जाते."

"आई, वेळेचा परिणाम त्यात धरलेला असतो," तो म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, पट्टीकडे बघत होता.

मी जायची बंद झाले आणि पट्टी हिरवी झाली. सकाळी खोलीत कोणी नाही, म्हणून तेव्हाचा काळपटपणा यंत्र नुसता गारठा समजून सोडून देणार, आणि दुपारी स्वानंद लाडाने हातावर रातकिडा भरवायला जाणार. दिवसच्या दिवस हिरवी. स्वानंदने ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. मी दाराच्या काचेतून बघायचे. साहेब फिकट पडत चालला होता, कच्च्या कैरीच्या आतल्या गरासारखा.

"अरे, भर दिवसा डोळे मिटून बसलाय तो," मी म्हटलं.

"आराम करतोय. ताण नाहीये ना आता." त्याने भिंतीकडे बोट दाखवलं.

पुढच्या आठवड्यात साहेब फांदीवरून खाली पडला. प्राण्यांच्या डॉक्टरीण बाईंनी त्याला उचलून कानाशी धरलं, श्वासाचा आवाज ऐकला आणि मान हलवली. "शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही हो," त्या म्हणाल्या. "मिटले की समजायचं, खूप उशीर झालाय. छातीत पाणी भरलंय. खालची हवा कुजत होती का?"

खालची फट गच्च बुजली होती. ओल मोजणारी सुई वर होती, तिला सगळं ठीक वाटत होतं. यंत्राला काळपट म्हणजे ताण हे ठाऊक होतं. मरायला टेकलेला सरडा फिकट पडतो हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. काहीच न दाखवणारी कातडी त्याने निवांत म्हणून वाचली.

स्वानंद रडला. मीही रडले, तेवढं त्या किडेखाऊसाठी रडेन असं वाटलं नव्हतं. साहेबाला आम्ही त्याच्याच जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. दोन दिवसांनी स्वानंद माझ्या शेजारी येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "तुझं बरोबर होतं. सकाळ आणि तू, हे त्याला वेगळं करताच आलं नाही. शिकताना तुझ्याशिवायची सकाळ त्याने कधी पाहिली नव्हती. पुढच्या यंत्रात आम्ही ते दुरुस्त करतोय."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोरगं चुकलं म्हणून कबूल करतंय, आणखी काय पाहिजे आईला. मला वाटलं विषय संपला.

रेवा आठव्या महिन्यातच जन्माला आली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी, फुप्फुसं कच्ची. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितलं की काही महिने तिला हवा सांभाळून द्यावी लागेल. कोरडी चालणार नाही, कोंदट चालणार नाही. मग पाळणा आला. पाळणा म्हणायचं, पण तो हलत नव्हता. काचेची झडप, खालून हवा आत, वरून बाहेर, मध्ये गरजेपुरता ओलावा. मी बघताक्षणी ओळखलं. साहेबाचंच कपाट आडवं करून ठेवलं होतं. वर तोच डोळा आणि भिंतीवर तीच पट्टी. माणसाच्या कातडीत तसले स्फटिक नसतात, पण तिच्याखालून रक्त वाहतं. बाळ कासावीस झालं की त्याच्या वाहण्यात फरक पडतो आणि डोळा तो टिपतो. स्वानंदच्या कंपनीने साहेबाच्या जिवावर हे शिकून घेतलं होतं.

"हे तेच ना रे?" मी विचारलं.

"ते प्राण्यांचं होतं. हे लाखो बाळांच्या नोंदींवर तपासलेलं आहे, आई."

पहाटे रेवा रडायची. उपाशी म्हणून, पोटात दुखतं म्हणून, ओली झाली म्हणून. ऋजुताच्या पोटाचे टाके अजून ओले होते. ती उठायला लागली की मी म्हणायचे, "तू पड गं. मी बघते." आणि मी बघायचे. झडप उघडायची, लंगोट बदलायचा, खांद्यावर टाकून पाठ थोपटायची, भूक असली तर ऋजुताच्या कुशीत द्यायची. मग दिवस वर आला, पोरगी न्हाऊन-माखून हसायला लागली की तिचे आई-बाप तिला खेळवायचे. त्यात काय वावगं? सगळ्या घरांत असंच चालतं. बाळ रडलं की आजीकडे, हसलं की सगळ्यांकडे.

पट्टीवर माझं नाव यायला वेळ लागला नाही.

ह्या वेळी मिठाची बरणी नव्हती. दोघं जण समोर बसले. स्वानंद बोलला आणि ऋजुता हातातल्या दुपट्याची घडी घालत आणि मोडत राहिली.

"डॉक्टरही म्हणाले, काही काळ संपर्क कमी करून बघा. वाईट वाटून घेऊ नकोस. कदाचित तुझ्या हाताची पकड, आवाजाची पट्टी, काहीतरी असेल. त्या कच्च्या जिवाला ताण परवडणार नाही."

"स्वानंद, कुंडीत कोण पुरलाय ते विसरलास? तुझ्याच तोंडाने तू म्हणाला होतास, सकाळ आणि तू वेगळं करता आलं नाही. मग रडणं आणि मी हे कसं वेगळं करता आलं?"

"तिथे एकच सरडा होता. इथे लाखो घरांच्या नोंदी आहेत."

"लाखो घरांतसुद्धा रडल्यावर उठणारी एकच असते रे."

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, शिरलं डोक्यात. मग ऋजुता हळूच म्हणाली, "आई, तुमचं खरं असेल. पण समजा नसलं तर? तिच्या बाबतीत मी 'समजा' म्हणू शकत नाही."

मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, आणि हाच तर राग आहे माझा. माझ्यावर कोणी ओरडलं असतं तर मी दुप्पट ओरडले असते. पण इतक्या मऊपणाने कोणी दाराबाहेर काढलं तर माणसाने भांडायचं तरी कोणाशी? मी पिशवी भरली. निघताना रेवाला काचेतूनच बघितलं. ती छताकडे बघत मूठ चोखत होती.

बार्शीच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझाच आवाज माझ्या कानावर पडला, "प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी." मी तिथेच बाकावर बसून घेतलं. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, बरं वाटंना का?" मी म्हटलं, "काही नाही रे, ऊन लागलं."

महिन्याभरात ऋजुताचा फोन आला. स्वानंद घरात नसताना केला होता, आवाजावरून कळलं.

"आई, पट्टीवर आता माझं नाव येतंय."

मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी बरं वाटलं. बघ म्हटलं, तुझ्यावरही आली ना पाळी. दुसऱ्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली. ती पोर फोनवर हुंदके देत होती.

"पहाटे ती रडते आणि तूच उठतेस, म्हणून येतंय. बंद करून टाक ते यंत्र."

"बंद केलं तर हवाही बंद होते. दोन्ही एकच आहे. फुप्फुसं अजून..."

"मग त्या पट्टीवर एखादं फडकं टाक आणि उचल तिला. रडलं पोर की उचलायचं, ऋजुता. त्यात बघायचं काय असतं भिंतीकडे?"

तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "यंत्र म्हणतं, रडली तर तीन-चार दिवस लगेच जाऊ नका. ते आतली हवा जरा उबदार करतं, झुळूक सोडतं, हळूहळू शांत होते ती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्यामुळे तिला त्रास होत असेल, हे मला नाही सहन होत, आई."

त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. फोनवर रेवा दिसायची. गुटगुटीत झाली होती, श्वास सुधारला होता, नाही म्हणत नाही. डॉक्टर खूश होते. स्वानंद सांगायचा, "रडतच नाही गं आता. सगळ्या इमारतीत एवढं शांत बाळ नाही. महिना झाला, पट्टी हिरवीच." मी फोनवरून चुटक्या वाजवायचे, "रेवाबाई, ए रेवाबाई" करायचे. ती माझ्या बोटांकडे बघायची आणि मग हळूच दुसरीकडे बघायची.

संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण ठरलं. स्वानंद म्हणाला, "तू ये. फक्त जरा लांबून बघ." मी लांबून बघायला तयार झाले, माझी अक्कल. बाजारातून टपोरी बोरं निवडून आणली, धुऊन पुसली, हलव्याचे दागिने स्वतः गुंफले. मुकुट, गळ्यातलं, बाजूबंद, कमरपट्टा. सुईत दोरा ओवताना डोळ्यांना पाणी यायचं आणि मी डोळ्यांना दोष द्यायचे.

हॉलमध्ये शेजारच्या बायका, पोरंटोरं जमली होती. रेवाला आता घरातली साधी हवा चालत होती, पाळण्याची झडप दिवसा उघडीच असायची. हवेची गरज संपली होती, पण पट्टीची संपली नव्हती. हॉलच्या भिंतीवरही एक लावून घेतली होती. काळ्या झबल्यात, पांढऱ्या दागिन्यांत पोरगी अशी दिसत होती की माझीच दृष्ट लागेल. ऋजुताने तिला पाटावर मांडीशी टेकवून बसवलं. ओवाळून झालं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे ओतले. पोरं ओरडत वेचायला धावली. एकाचा धक्का लागला, एक बोर थेट रेवाच्या गालावर बसलं.

आमच्याकडे ह्या क्षणाला बाळं भोकाड पसरतात. स्वानंदने तर त्याच्या बोरन्हाणात अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती. काही पोरं खिदळतात, काही समोरचं बोर तोंडात घालायला झेपावतात. रेवाने काहीच केलं नाही. बोर गालावरून घरंगळून मांडीवर पडलं, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. एवढ्या गलक्यात ती समोरच्या हवेत बघत बसून होती.

"किती शहाणी गं," एक बाई म्हणाल्या.

लांबून बघायचं वगैरे मी सगळं विसरले. पुढे झाले, बोरांवर पाय देत, आणि तिला उचललं. छातीशी धरली. आधी ती लाकडासारखी ताठ होती. मी तिच्या कानात म्हटलं, "लातूरकडे जाणारी गाडी आली बरं का, रेवाबाई, उठा," आणि पाठ थोपटायला लागले, पहाटे थोपटायचे तशी. कुठेतरी आत ते तिच्या ध्यानात असावं. तिच्या ओठांचा चंबू झाला, हनुवटी थरथरली, आणि ती रडली. असं रडली की गलका करणारी पोरं गप्प झाली. कित्येक महिन्यांचं साठलेलं रडणं होतं ते. तिची मूठ माझ्या पदरात अडकली आणि ती ओढत राहिली.

पट्टी लालभडक झाली. खाली उमटलं, 'वैजयंता, ९७ टक्के.'

पहिल्यांदाच यंत्र खरं बोललं. रडवलं मीच होतं तिला.

"आई, दे तिला इकडे," स्वानंद म्हणाला. पाहुण्यांपुढे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"रडू दे तिला. रडतेय म्हणजे कोणीतरी येईल असं वाटतंय तिला अजून. तुझ्या साहेबाचीही हिरवीच होती रे पट्टी."

"आई, तो सरडा होता."

मी त्याच्याकडे बघितलंच नाही, ऋजुताकडे बघत होते. ती उठून उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छातीपाशी ब्लाउज ओला झाला होता. आईच्या अंगाला रडणं कळतं, कोणी सांगायला लागत नाही. ती माझ्यापाशी आली, रेवाला घ्यायला हात पुढे केले, आणि मी दिली. अगदी आनंदाने दिली. वाटलं, आता ही तिला घट्ट धरेल, बसून पाजेल, आणि भिंतीकडे पाठ करेल.

ऋजुताने तिला क्षणभर धरलं. मग तिने मान वळवून पट्टीकडे बघितलं. लाल होती. नाव बदलत होतं, माझं पुसट होत तिचं उमटायला लागलं होतं. तिचा चेहरा कसा पडला ते मी सांगू शकत नाही. ती तशीच आत गेली, रेवाला पाळण्यात ठेवलं आणि झडप लावली. माझ्या पदराचा दोरा तिच्या मुठीत तसाच राहिला होता.

मी दारात उभी होते. आतून झुळूक सुटल्याचा बारीक आवाज आला. रेवा थोडा वेळ रडली, मग उसासे देत राहिली. ऋजुता हात पाठीमागे बांधून पाळण्याशेजारी उभी होती, स्वतःचे हात स्वतःच धरून ठेवल्यासारखी. रेवाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तिने भर दुपारी डोळे मिटून घेतले.

"झोपली वाटतं," बाहेरून कोणीतरी म्हणालं. स्वानंदने पाहुण्यांना तिळाच्या वड्या वाटायला घेतल्या. मी बराच वेळ तिच्या पापण्यांकडे बघत राहिले. ती झोपली नव्हती, पापण्यांखाली बुबुळं हलत होती. भिंतीवरची पट्टी हिरवी झाली होती.